मध्यंतर कोण करतं?

या, असे जवळ या. दारात घुटमळू नका, आत जागा आहे. मांडीला मांडी लावून बसलं की गोष्ट आपोआप एकाकडून दुसऱ्याकडे जाते. या घराण्याचं बरंच काही तुम्ही ऐकलंत. थिएटर कसं उभं राहिलं, भावाभावांत गच्चीवरून कसं बिनसलं, मग कसं जुळलं. आज त्या मानाने लहानशी गोष्ट सांगायची आहे. एका दुपारच्या खेळाला मध्यंतर वेळेवर झालंच नाही, त्याची. ऐकताना हसू येईल, येऊ द्या. हसता हसता घशात काही अडकलं तर तेही अडकू द्या. देवाने दोन्हीसाठी एकच गळा दिला आहे.

तर सकाळची वेळ. थिएटरात झाडलोट झाली होती आणि चहाच्या काउंटरमागे थोरली सून, जिला लहानथोर सगळे वहिनीच म्हणत, कपबशा पुसत होती. मध्यंतरात चहा, बिस्किटं, खारे दाणे, हा सगळा तिचा कारभार. तिचा नवरा, दादा, वरच्या मशीनच्या खोलीतून तेलकट फडकं खांद्यावर टाकून खाली आला होता. धाकटा दीर तिकिटाच्या खिडकीतून उठून आला होता. आणि काउंटरच्या पुढ्यात, प्रवासाची पिशवी अजून पायाशी ठेवून, ताई बसली होती. दादाच्या पाठची, धाकट्याच्या आधीची. काल आली होती आणि आल्यापासून तिच्या तोंडात एकच विषय होता.

“मी आत्याला घेऊन जाणार,” ताई म्हणाली. “यावेळी मी कुणाचं ऐकणार नाही.”

“कोण नाही म्हणतंय?” धाकटा म्हणाला. “आत्याच नाही म्हणते. तिला विचार.”

“तिला काय विचारायचं! तिचं आपलं एकच. घंटा माझ्या हातात आहे तोवर मी इथली, घंटा सुटली की तू म्हणशील तिथे. मग सोडवा ना तिच्या हातातून घंटा! तिला दिसत नाही रे आता. डोळ्यांत काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला, आहे ते सांभाळा.”

“दिसतं की थोडं थोडं,” दादा पुटपुटला.

“थोडं थोडं? काल मी संध्याकाळच्या खेळाला तिसऱ्या रांगेत बसले होते. पडद्यावर लख्ख ऊन होतं, माझ्या तोंडावर उजेड. मी आत्याला जीभ काढून दाखवली. डोळे वटारले. माकडासारखी तोंडं केली. शेजारच्या खुर्चीवरचे घड्याळजी उठून दुसरीकडे जाऊन बसले. आत्या ढिम्म!”

धाकट्याला हसू फुटलं. वहिनीही कपाआड हसली. दादा मात्र हसला नाही.

याचं कारण सांगायला हवं. त्या थिएटरात मशीन एकच. सिनेमाचा पूर्वार्ध एका मोठ्या रिळावर, उत्तरार्ध दुसऱ्यावर. एक उतरवायचं, दुसरं चढवायचं, फिल्मची पट्टी एकेका दात्यातून, एकेका चाकावरून ओवून घ्यायची. तेवढा वेळ लोकांनी काय करायचं? म्हणून मध्यंतर. पण ते करायचं कधी, हे या घरात फिल्मवर छापलेली पाटी ठरवत नसे. थिएटर उभं करणारे दादाचे वडील म्हणत, “मशीनवाल्याला पडदा दिसतो, माणसं दिसत नाहीत. माणसं बघणारं कुणीतरी पाहिजे.” त्याच सुमारास त्यांची बहीण सासरचा उंबरा कायमचा ओलांडून परत आली होती. फुकटचा घास घेणार नाही, म्हणून अडून बसली होती. भावाने पडद्याच्या खाली, एका कोपऱ्यात स्टूल टाकलं आणि त्यावर तिला बसवलं. तोंड लोकांकडे, पाठ पडद्याकडे. हातात दोर दिला. दोराचं दुसरं टोक मशीनच्या खोलीतल्या घंटेला. माणसांचे चेहरे बघ, म्हणाला. कुणी ऐन रडण्यात असलं तर दिवे लावू नको, बिचाऱ्याला डोळे पुसायला वेळ दे. सगळे सैल झाले, पाठी टेकल्या, की ओढ दोर.

तेव्हापासून आत्या त्या स्टुलावर. घंटा वाजली की दादा पुढचा प्रसंग बदलेपर्यंत थांबायचा, मशीनच्या उजेडापुढे झडप टाकायचा, दिवे हळूहळू चढवायचा. पूर्वार्धाची थोडी फिल्म शिल्लक राहिलेली असे. ती हाताने फिरवून उत्तरार्धाच्या माथ्याला चिकटवायची, म्हणजे पुढे सलग चालते. दुसऱ्या कुठल्या थिएटरात असला उपद्व्याप कुणी करत नसेल. यांच्या घरात तो श्वासासारखा होता. आणि आत्याचं त्या घरातलं बस्तान म्हणजे तो दोर. दोर गेला की ती आश्रित. तसं दुसरं कुणी म्हणत नव्हतं, तीच म्हणत होती. पण माणूस स्वतःविषयी जे म्हणतं ना, ते पुसायला सगळ्यात कठीण.

“मला एक कळत नाही,” दादा म्हणाला. “तिला दिसत नाही म्हणतेस, तर घंटा रोज बरोबर कशी वाजते? एक दिवस चुकली नाही. मी वर असतो, मला माहीत.”

“सवय असेल,” धाकटा म्हणाला. “नाहीतर झोपेत हात ओढला जात असेल.”

“तू गप रे,” ताई म्हणाली. “वहिनी, तू बोल. तुझं तर तिच्याशी कधी पटलं नाही.”

वहिनीने बशी खाली ठेवली. हे खरं होतं, आणि खरं असूनही ताईच्या तोंडून ऐकायला तिला बरं वाटलं नाही. लग्न होऊन आल्यापासून आत्याची घंटा आणि वहिनीचं आधण यांचं वैर. तुमचं काय, तुम्ही नुसता दोर ओढता, इथे पातेलंभर चहा उकळायचा असतो, हे तिने आत्याला किती वेळा ऐकवलं असेल. शिवाय पडद्यामागची आत्याची खोली. ती मोकळी झाली तर लेकीला अभ्यासाला होईल, हे ती मागे एकदा ताईला बोलूनही गेली होती.

“माझं काय,” वहिनी म्हणाली. “आत्याबाईंना जिथे आराम मिळेल तिथे त्यांनी राहावं.”

“बघा!” ताई म्हणाली. “वहिनी माझ्या बाजूने.”

“मी कुणाच्या बाजूने नाही, वन्सं. मी काउंटरमागे आहे.”

“आणि मी पडद्यामागे,” असा आवाज आला, आणि चौघंही दचकली.

हॉलच्या कडेने एक अरुंद बोळ पडद्यामागच्या खोलीपासून थेट काउंटरपर्यंत येतो. त्याच्या तोंडाशी आत्या उभी होती, एक हात भिंतीला. अंगाने काटकुळी, पातळ चापूनचोपून नेसलेलं, केस घट्ट बांधलेले.

“कापडाच्या भिंतीमागे जन्म गेला माझा,” ती म्हणाली. “सिनेमातले लोक काय बोलतात ते ऐकू येतं, तुमचं येणार नाही होय? ताई, तू जीभ काढलीस?”

ताईने मान खाली घातली. “काढली.”

“या वयात?”

“तुला दिसतं का ते बघायला गं!”

“नाही दिसली,” आत्या म्हणाली. “खोटं कशाला बोलू? आता ऐक. आजचा दुपारचा खेळ. घंटा मीच वाजवणार. वेळेवर वाजली तर तू हा विषय माझ्यापुढे पुन्हा काढायचा नाहीस. नाही वाजली तर माझी पेटी भरायला फार वेळ लागत नाही.”

“दादाने मदत करायची नाही,” ताई लगेच म्हणाली. “घंटा वाजल्याशिवाय मशीन थांबवायचं नाही. काही झालं तरी.”

“अगं, रीळ संपलं तर?”

“संपू दे.”

दादाने आत्याकडे पाहिलं. आत्या म्हणाली, “संपू दे. शब्द म्हणजे शब्द.” आणि भिंतीला हात लावत परत गेली.

वहिनीने पुसलेलीच बशी पुन्हा पुसायला घेतली.

दुपारी माणसं बऱ्यापैकी आली. घड्याळजी नेहमीच्या खुर्चीत, ताई आसपास नाही ना हे बघून बसले. शिवणकाम करणाऱ्या दोघी बहिणी आल्या, रात्रपाळी करून झोप काढून उठलेल्या दोन नर्सबाई आल्या, कारखान्यातली पोरं आली. सिनेमा एका होडीवाल्याचा. त्याचा मुलगा घर सोडून जातो, तिथून पुढे. ताई पहिल्या रांगेच्या टोकाला, आत्याच्या स्टुलाजवळ जाऊन बसली. धाकटा दाराच्या पडद्याला चिकटून उभा राहिला.

वहिनी आपल्या जागी होती. काउंटर मशीनच्या खोलीच्या बरोब्बर खाली. वरून मशीनची घरघर एकसारखी येते. नवी माणसं विचारतात, कान किटत नाहीत का? वहिनीला ती घरघर ऐकूच येत नसे. तिला त्यातून ऐकू येई ते दुसरंच. फरशीवरून दादाची लोखंडी खुर्ची मागे सरकली की खर्रकन आवाज यायचा. रीळ बारीक झालं की तो उठतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. खुर्ची वाजली की तिचा हात आपोआप स्टोव्हकडे जाई, पाण्यात साखर पडे, पावडर पडे, आणि चहा वर यायला आणि मध्यंतर व्हायला एकच गाठ पडे. लग्नानंतर सुरुवातीला असं होत नसे. चहा फुकट जाई, ओतावा लागे. मग मला अंदाज आला, असं ती लोकांना अभिमानाने सांगायची.

आज ती कान देऊन बसली होती. खुर्ची वाजली नाही.

अजून वेळ असेल, ती मनात म्हणाली. दाण्यांच्या पुड्या बांधून झाल्या. बिस्किटांचा डबा पुसून झाला. आतून होडीवाल्याच्या बायकोचा आवाज आला, मग पाण्याचा, मग बराच वेळ नुसतं वाद्य. आज सिनेमा लांबडा दिसतोय, वहिनी म्हणाली, आणि त्याच वेळी वरून आवाज आला, फट् फट् फट् फट्.

काय झालं हे तिला आधी कळलंच नाही. तो आवाज तिने या घरात कधी ऐकला नव्हता. फिल्मचं टोक मशीनमधून सुटून रिळाबरोबर गरगर फिरत लोखंडावर आपटत होतं. ती बोळातून धावत पुढे गेली.

पडदा पांढराफट. डोळ्यांत जाणारा, नुसता कोरा उजेड. आणि त्या उजेडापुढे, स्टुलावर ताठ, दोर हातात धरून आत्या. तिच्या पाठीमागे पडदा कोरा झालाय हे तिला दिसत नव्हतं. लोकांच्या तोंडावर उजेड पडलाय, त्यांचे डोळे मिचमिचे झालेत, हेही दिसत नव्हतं. ती मान किंचित वर करून, नाकपुड्या फुगवून, कशाची तरी वाट बघत होती. वाट बघणाऱ्या माणसाचा चेहरा वहिनीने पुष्कळ वेळा पाहिला होता. असा घाबरलेला पाहिला नव्हता.

कारखान्यातल्या पोरांनी शिट्या मारल्या. कुणीतरी ओरडलं, “होडी बुडाली का हो?” सगळे हसले.

“आत्याबाई,” घड्याळजी मोठ्याने म्हणाले, “डोळा लागला की काय?”

आत्याने दोर ओढला. हास्यकल्लोळात घंटा वाजली. वर झडप पडली, दिवे लागले, आज हळूहळू नाही, एकदमच.

आणि मग लोकांचा लोंढा काउंटरवर.

“चहा?”

“होतोय.”

“होतोय म्हणजे? मध्यंतर झालं की!”

“दाणे घ्या ना तोवर.”

“दाणे काय बुडवून खाऊ, वहिनी?”

पाणी जेमतेम कोमट झालं होतं आणि आत दिवे मालवलेसुद्धा. कारण आज पूर्वार्धाची फिल्म काही उरलीच नव्हती. जोडायचं काही नव्हतं. आजवर झालं नसेल इतक्या झटपट दुसरं रीळ चढलं. माणसं कोरड्या घशाने आत गेली आणि चहा उकळला तेव्हा प्यायला घरचीच उरली.

ताई आत्याला हाताला धरून घेऊन आली आणि बाकावर बसवलं. जिंकलेल्या माणसाचा तोरा तिच्या तोंडावर नव्हता. धाकटा पाठोपाठ आला. उत्तरार्ध मार्गी लावून दादा जिना उतरला, घामाने निथळलेला.

“मी शब्द पाळला,” दादा कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाला. “दिसत होतं रीळ संपतंय ते. हात शिवशिवत होता. घंटेकडे डोळे लावून उभा होतो.”

वहिनी चहा गाळत होती. तिचा हात थांबला. “उभे होतात? कधीपासून?”

“पहिल्यापासून. बसवतच नव्हतं मला.”

“म्हणजे खुर्चीवर बसलाच नाहीत?”

“खुर्चीचं काय घेऊन बसलीस?”

“तुम्ही बसला नाहीत म्हणून तुम्ही उठला नाहीत!” वहिनी म्हणाली. “अहो, तुमची खुर्ची वाजली की मी चहा टाकते. रोज. ती वाजलीच नाही, मी टाकला नाही!”

“घ्या,” धाकटा म्हणाला. “म्हणजे चहा दादा करतो.”

कुणी हसणार तेवढ्यात आत्या बाकावरून शांतपणे म्हणाली, “आणि मला चहाचा वास आला की मी दोर ओढते.”

सगळे तिच्याकडे वळले.

“बोळातून येतो वास,” ती म्हणाली. “माझं स्टूल बोळाच्या त्या टोकाशी. आज आलाच नाही. मी म्हटलं, हिचा स्टोव्ह पेटत नसेल. थांबू जरा. थांबले, थांबले. मग वरून ते फटफट ऐकू आलं.”

धाकटा एकदा दादाकडे, एकदा वहिनीकडे, एकदा आत्याकडे बघत राहिला. दादा आत्याच्या घंटेवर थांबतो, आत्या चहावरून ओढते, चहा दादाच्या खुर्चीवरून उकळतो. त्याने हे बोटांवर एकदा केलं, दुसऱ्यांदा केलं, आणि खो खो हसत बिस्किटांच्या डब्यावर बसला. “मग मध्यंतर करतं कोण? अरे, करतं कोण या घरात मध्यंतर?”

दादाही हसू लागला. ताई मात्र ओठ घट्ट मिटून होती. “हसू नका. यात माझं म्हणणंच सिद्ध झालं. डोळे गेल्यापासून ती वासावर चालली आहे. चेहरे बघते कुठे ती?”

“डोळ्यांचा काय संबंध?” आत्या म्हणाली. “डोळे आत्ता आत्ता गेले. वासावर मी कधीपासून आहे, हिच्या लग्नाचं दुसरं वर्ष असेल.”

वहिनीने गाळणं खाली ठेवलं.

“एकदा मी घंटा लवकर दिली,” आत्या सांगू लागली. “चेहरे सैल झाले होते, दिली. हिचा चहा झाला नव्हता. लोक आले नि गेले. खेळ सुटल्यावर मी बोळातून येत होते, तर ही मोरीपाशी पातेलं उपडं करत होती आणि रडत होती. पातेलं घासत होती नि रडत होती. मला बघितलं नाही हिने. मी मागच्या मागे फिरले. रात्री पडल्या पडल्या मनात आलं, भाऊ म्हणाला होता, माणसांचे चेहरे बघ. मी आपली समोरच्याच खुर्च्या बघत बसले. ही काउंटरमागची कोण, माणूस नव्हे? तेव्हापासून चेहरे सैल झाले तरी थांबायचे. हिचा चहा झाला की ओढायचे.”

वरच्या मशीनची घरघर तेवढी चालू होती. वहिनीला ती एरवी ऐकू येत नसे, आज आली.

“तुम्ही मला कधी बोलला नाहीत,” ती म्हणाली.

“तू बोलू द्यायचीस तर! मी तोंड उघडलं की तुझं सुरू, तुम्ही काय नुसता दोर ओढता.”

“मी लोकांना सांगत सुटले, मला अंदाज आला म्हणून.”

“आला असेल. पुष्कळ हुशार आहेस तू.” आत्याने बाकाच्या कडेला हात टेकले आणि उठली. “असो. घंटा वेळेवर वाजली नाही. ताई, पेटी वरच्या फळीवर आहे, मला काढून दे.”

माणसाच्या मनाचं कसं असतं बघा. इतकी वर्षं वहिनीच्या मनात ती खोली होती. स्वच्छ झाडलेली, टेबल मांडलेली, लेकीची पुस्तकं रचलेली. आता ती खोली समोर आली तर त्यात नुसती जागा दिसेना, रिकामपण दिसू लागलं.

“पेटी कुणी काढायची नाही,” वहिनी म्हणाली.

“अगं, पण तूच मला म्हणाली होतीस,” ताई म्हणाली, “लेकीला खोली...”

“म्हणाले होते. आजही लेकीला खोली हवीच आहे. ती माझ्या खोलीत अभ्यास करेल, मी इथे काउंटरवर झोपेन. पण आत्याबाई जायच्या नाहीत.”

“सूनबाई,” आत्या म्हणाली, “शब्द दिलाय मी. आणि शब्द राहू दे बाजूला. दोराशिवाय मी इथे काय करू? सकाळी उठायचं, तुझ्या हातचा चहा प्यायचा, दुपारी तुझ्या हातचं जेवायचं. कशाच्या जोरावर?”

“जोर कशाला लागतो जेवायला? भूक लागते.”

“मला लागतो. कामाशिवाय या घरात घास घेतला नाही मी.”

“मग आता घ्या. अहो, एवढी वर्षं माझा चहा होईपर्यंत तुम्ही थांबलात. आता काहीही न करता बसलात तर घर काही मोडून पडत नाही.”

“मला नुसतं बसायला येत नाही.”

“मलाही माणसांचे चेहरे बघायला येत नाही,” वहिनी म्हणाली. “पण संध्याकाळच्या खेळाला त्या स्टुलावर मी बसणार आहे. तुम्ही समोर खुर्चीत बसा, लोकांसारख्या. दोघी शिकू.”

“आणि चहा?” दादा घाईघाईने म्हणाला.

“भावजी करतील. तिकिटं फाडून झाल्यावर हात मोकळेच असतात त्यांचे.”

“मी?” धाकटा डब्यावरून उठला.

“तुम्ही. दादांची खुर्ची वाजली की टाकायचा. आणि तुम्ही हो, आज संध्याकाळी मुकाट्याने बसायचं खुर्चीवर.”

दादा म्हणाला, “बसतो.”

ताईने मध्येच आवाज चढवला. “मग मी काय नुसती आले आणि नुसती जाऊ? मी खोली लावून ठेवली आहे तिच्यासाठी. पलंग खिडकीशी ओढलाय. घरात ना कुणी बोलायला, ना कुणी...” मुलगा-सून दूर गेल्यापासून ती एकटीच होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते तिने स्वतःच्या तोंडाने आज पहिल्यांदाच म्हटलं.

आत्या तिच्या आवाजाच्या दिशेने सरकली, चाचपत तिचा हात धरला. “असं सरळ म्हणायला काय झालं होतं? पडेल, धडपडेल, आंधळी झाली, जीभ दाखवली, केवढा तो खटाटोप! सोबत हवी तर इथे राहा चार दिवस. माझी खाट रुंद आहे.”

“खाट कसली, फळी आहे ती.”

“तुझ्या पलंगापेक्षा रुंद आहे. दोघी मावतात.”

“झालं,” धाकटा कपाळाला हात लावून म्हणाला. “एकीला न्यायला आली, ती स्वतःच मुक्कामाला राहिली.”

संध्याकाळच्या खेळाला दिवे मालवले तेव्हा वहिनी स्टुलावर होती. पडदा तिच्या पाठीशी. सिनेमा चालू झाल्याचं तिला लोकांच्या तोंडांवरून कळलं. निळसर उजेड सगळ्यांच्या गालांवर हलू लागला. ती इतकी वर्षं या माणसांना चहा देत होती. हा बिनसाखरेचा, ही दोन बिस्किटंवाली, हा सुटे नसणारा. यांना असं बसलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. दुपारच्यांपैकी बरेच जण तोच सिनेमा पुन्हा बघायला आले होते; घड्याळजी तोंडाचा आ करून बसले होते. दोघी बहिणींपैकी धाकटी थोरलीकडे बघून, ती हसली की मग हसत होती. आणि तिसऱ्या रांगेत, ताईच्या शेजारी, आत्या.

ताई कुजबुजत तिला सांगू पाहत होती, आता होडी आली, आता पोरगा उतरला. आत्याने हाताने तिला गप्प केलं. तिची मान कलती होती, ओठ किंचित उघडे, हात मांडीवर एकावर एक. प्रवचन ऐकायला पुढची जागा मिळालेल्या बाईसारखी ती बसली होती. पूर्वार्ध तिने आजवर पाठीनेच ऐकला होता.

वरून खुर्ची खर्रकन वाजली. वहिनीला ती इथवर ऐकू आली की तिने ती मनातच ऐकली, कोण जाणे. थोड्या वेळाने बोळातून वास आला. चहाचाच, थोडा करपल्यासारखा. वहिनीने दोर घट्ट धरला. खुर्च्यांतली माणसं सैल होऊ लागली होती. कारखान्यातल्या पोरांपैकी एक आळोखेपिळोखे देत होता. घड्याळजींनी चष्मा पुसायला काढला. आता ओढायला हरकत नव्हती.

पण आत्याच्या गालावरून एक थेंब ओघळत होता, आणि पाठीमागे होडीवाल्याची बायको पोराला दिलेला डबा परत आला म्हणून तो उघडून बघत होती. आत्या ते ऐकत होती. तिने डोळे पुसले नाहीत. कुणी बघतंय, हे तिच्या गावीच नव्हतं.

वहिनी थांबली. चहाचा वास दाट झाला, उतू गेल्यासारखा झाला, बोळात धाकट्याची धावपळ ऐकू आली. ती थांबली. मग पडद्यावरच्या बाईने डबा मिटला असावा, कारण आत्याने लांब श्वास सोडला, पदराने गाल टिपला, आणि पाठ खुर्चीला टेकली.

तेव्हा वहिनीने दोर ओढला. दादाने दिवे हळूहळू चढवले.

तर माझ्या माणसांनो, गोष्ट झाली. आता उठाल, घरी जाल, हाताला काम लागेल, तोंडाला बोलणं लागेल. जाल तेव्हा एवढं करा. तुमच्या घरात कुणी तुमच्यासाठी न सांगता थांबत असेल, तुम्हाला कळू न देता, बोलणी खाऊन थांबत असेल, त्या माणसाकडे बघताना या घरच्या आत्याची आठवण ठेवा.